दोनदा जेवा, पण काय?

मंडळी, हल्ली लग्नाच्या मांडवात दोन बायका भेटल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अगं, किती बारीक झालीस! दीक्षित करतेस वाटतं?" पूर्वी माणसं पथ्य करायची, मग डाएट करायला लागली, आता दीक्षित करतात. एखाद्या डॉक्टरांच्या आडनावाचं क्रियापद व्हावं, यापेक्षा मोठी लोकप्रियता कोणती? व्याकरण शिकवण्यात उभं आयुष्य गेल्यामुळे मला याची गंमत वाटते.

परदेशातल्या भाचेमंडळींना कदाचित माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं असं : आपण काही खाल्लं की शरीरात इन्शुलिन तयार होतं, आणि ते वाढलेलं असेपर्यंत साठलेली चरबी वापरली जात नाही. म्हणून सारखं तोंड हलवू नका. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण संपवा, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा घ्या, आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चाला. झालं. ना पैसे, ना गोळ्या, ना कसलं मशीन.

आणि आम्हा नागपूरकरांची कॉलर थोडी ताठ होते, कारण या विचाराचं मूळ इथलंच. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार हे सांगायचे, आणि आपण त्यांच्याच विचारावर उभे आहोत हे दीक्षितही मोकळेपणाने सांगतात. जिचकार म्हणजे एक अजबच माणूस होता. एम.डी. झालेला डॉक्टर, आयपीएस आणि आयएएस दोन्ही परीक्षा पास, १९८० साली पंचविशीतच आमदार, आणि पदव्या तर इतक्या की आम्ही वर्गात मुलांना त्यांचं उदाहरण द्यायचो. २ जून २००४ ला कोंढाळीजवळ मोटार अपघातात ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. असो.

मग त्या दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्यांचं म्हणणं, थोडं थोडं, दर दोन तासांनी खा. तूप खा, भात खा, आजी खायची ते खा. मग काय, महाराष्ट्रात दोन तट पडले! काही वर्षांपूर्वी आमच्या अंबाझरीच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांतही दीक्षितवाले आणि दिवेकरवाले वेगवेगळ्या बाकांवर बसायचे म्हटलं तरी चालेल.

माझं मत विचाराल तर हा सगळा वाद "किती वेळा" याच प्रश्नावर अडकून पडला. ताटात काय आहे, हे कुणी बघितलंच नाही. आणि साठीच्या पुढच्या बाईसाठी तोच खरा प्रश्न आहे, असं मला वाटतं. आजचं हे लिहिणं त्यावरच आहे.

हे मला का सुचलं, ते सांगते. माझी नणंद, वय वर्षं अडुसष्ट. राहते महालात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला. तिने आठ महिन्यांत अकरा किलो वजन कमी केलं, ७१ चे ६०. साखर आटोक्यात आली, ब्लाउज ढगळ झाले, जो तो कौतुक करायला लागला. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सतरंजीवर बसली, आणि उठताना दोघींनी हात धरून उठवावं लागलं. पुढे तिनेच सांगितलं, भाजी आणायला खाली उतरायचं म्हणजे पोटात गोळा येतो, मधल्या वळणावर थांबावं लागतं. मुलगा म्हणाला, "आई, आता पुण्यालाच ये." वन्सं म्हणाल्या, "मरेन तर महालातच."

म्हणजे बघा, अकरा किलो गेले, साखर सुधारली, आणि त्याबरोबर स्वतःच्या घरात स्वतःच्या पायावर राहायची ताकद निघाली जायला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून शाबासकी दिली, मग तिला हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितलं. नाही जमलं. तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काकू, जेवता काय?"

आपण भुकेपेक्षा कमी खायला लागलो की शरीर साठवण मोडून खातं, हे खरं. पण फक्त चरबीच मोडतं असं नाही, स्नायूही मोडतं. घटलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबी सोडून इतर गोष्टींचा, मुख्यतः स्नायूंचा असतो, असं धरतात. प्रोटीन कमी पडलं आणि स्नायूंना काही काम दिलं नाही, तर तो हिस्सा वाढतो. तरुणपणी गेलेलं भरून काढता येतं. सत्तरीला ते फार सावकाश भरतं, कारण वयाबरोबर स्नायू तसेही झिजत असतात आणि खाल्लेल्या प्रोटीनला त्यांचा प्रतिसादही मंदावतो. वयाबरोबरच्या या झिजेला 'सार्कोपेनिया' म्हणतात. आणि नंतर वजन पुन्हा वाढलं, तर परत येते ती मुख्यतः चरबी. म्हणजे नफ्यात तोटा!

वजनकाट्याला हे काही कळत नाही. त्याला चरबी आणि स्नायू सारखेच. तो नुसता आकडा सांगतो, आणि आपण पेढे वाटतो.

आता हिशेब करू. पाटी-पेन्सिल घेऊन बसा. (पुस्तकात आम्ही 'प्रथिने' शिकवली, पण घरात सगळे प्रोटीनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.)

आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण आहे, वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज. वन्सं साठ किलोच्या. साठ गुणिले ०.८३, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम. वयस्कर माणसांना याहून थोडं जास्त, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, असं या विषयातल्या जाणकारांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ साली सांगितलं. म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. आपण मधला मार्ग म्हणून ६० धरू.

आता वन्संचं ताट. सकाळी अकराला दोन पोळ्या, ६ ग्रॅम. भाजी, २. वाटीभर पातळ वरण, ४. चार घास भात, २. झाले १४. संध्याकाळी सहाला एक ज्वारीची भाकरी, ५. भाजी, २. ताक, २. झाले ९. एकूण बेरीज २३. पन्नासच्या निम्मेसुद्धा नाहीत! पूर्वी दिवसातून तीनदा दुधाचा चहा व्हायचा, त्यातून थोडं दूध तरी पोटात जायचं. तेही बंद.

यात दीक्षितांचा दोष आहे का? माझ्या मते नाही. सॅलड आणि मोड आलेली कडधान्यं आधी खा, मग नेहमीचं जेवा, हे त्यांच्याही सांगण्यात आहे. पण लोकांनी त्यातलं "दोनदा" तेवढं उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. वर्गात चाळीस मिनिटं शिकवल्यावर मुलांच्या लक्षात फक्त गृहपाठाची तारीख राहते, तशातला प्रकार.

पण मुद्दा एवढाच नाही. वन्संच्या ताटात डाळ का नाही, हे मी शोधायला गेले तर उत्तर फार साधं निघालं. "एकटीसाठी काय कुकर लावायचा, वहिनी?"

या एका वाक्यात आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका बसतात. जन्मभर आम्ही वरण केलं ते घरासाठी. दाट वरण पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, खालचं उरलंसुरलं, त्यात पाणी घालून वाढवलेलं, आमच्या. कुणी छळ म्हणून नाही केलं हे, तशी पद्धतच होती. दुधाचंही तेच. साय मुलांना, दूध सासऱ्यांना, आणि आपल्याला चहापुरतं. आता वाढायला समोर कुणी नाही, तर स्वतःसाठी करणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं. त्यात वजन कमी करायचं म्हटल्यावर तर बहाणाच मिळाला. भाकरीचा तुकडा आणि लोणचं, झालं जेवण. वर कौतुक, "किती कमी खाते बघा!"

त्यात उपवास. सोमवार, चतुर्थी, एकादशी, वर नवरात्र. उपास करू नका असं मी म्हणणार नाही, मीही करते. पण साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, हे ध्यानात ठेवा. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. उपासाला राजगिरा आहे, दूध आहे, दही आहे, पनीर चालत असेल तर तेही आहे. देव काही साबुदाण्यासाठी अडून बसलेला नाही.

मग खायचं काय? इथे लगेच डबे पुढे येतात. दुकानात व्हॅनिला, चॉकलेट, आंबा अशा चवींच्या पावडरी. माझ्या नातवाचा डबा तर पिंपाएवढा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची सतरा मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात या पावडरींपासून दूरच राहा असं सांगितलं आहे. चावता येत नाही, आजारपणातून उठलो आहोत, अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर घ्या. पण धडधाकट माणसाने आधी आपल्या फडताळात बघावं.

आणि आपल्या विदर्भाचं फडताळ काय दरिद्री आहे का हो? उलट मी तर म्हणेन, डाळीची इतकी रूपं दुसरीकडे क्वचितच असतील. आपला वडाभात, आपला गोळाभात, लग्नातली डाळभाजी, पाटोडीचा रस्सा, झुणका. अगदी टपरीवरच्या तर्रीपोह्यातही पोह्यांवर हरभऱ्याचा रस्सा असतो. तेलाचा तवंग तेवढा बाजूला ठेवा. पूर्वीच्या माणसांनी प्रोटीन हा शब्द ऐकला नव्हता, पण भाकरीशेजारी झुणका आणि भाताशेजारी वरण ठेवायचं त्यांना बरोबर कळत होतं. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन नावाचा घटक कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. चांगल्या संसारासारखं.

म्हणून वन्संसाठी मी नवीन ताट मांडलं. वेळा तिच्याच, दोन. त्याला मी हात लावला नाही, कारण तिला ते मानवलं आहे. सकाळी एक भाकरी, ५ ग्रॅम. चाळीस ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण, ९. तीस ग्रॅम मटकी किंवा हरभरे भिजवून मोड आणून, ७. मोठी वाटी दही, ५. भाजी, २. बेरीज २८. संध्याकाळी चाळीस ग्रॅम बेसनाचा झुणका, ९. एक भाकरी, ५. दोन अंडी, १३. भाजी, २. बेरीज २९. दोन्ही मिळून ५७, आणि जेवणासोबतच पेलाभर दूध घेतलं तर ६३. भात गेला, एक पोळी गेली, तरी ताट भरलेलं. भूकही लागत नाही, कारण प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

एक सूचना. डाळ नेहमी कोरडी मोजा. शिजल्यावर वाटी सगळ्यांचीच भरते, पाणी किती घातलं ते वाटी सांगत नाही! दुसरी सूचना, बदामावर फार विसंबू नका. पाच बदामांत सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. तीस ग्रॅम फुटाण्यांत सहा ते सात. फुटाणे स्वस्त, आणि तेवढ्याच शेंगदाण्यांपेक्षा त्यांत उष्मांकही कमी. दात साथ देत नसतील तर मिक्सरमधून पीठ काढून ताकात कालवा.

वन्सं अंडी खात नाहीत, म्हणून तिथे सोयाबीनच्या वड्या घातल्या. पंचवीस ग्रॅम वड्या, १३ ग्रॅम प्रोटीन, अंड्यांच्या बरोबरीने. आणि इथे मला आपल्या विदर्भाचं नेहमी नवल वाटतं. खरिपात नजर जाईल तिथवर कापूस, तूर आणि सोयाबीन. त्या सोयाबीनचं तेल काढतात, आणि उरलेली पेंड, जिच्यात सगळं प्रोटीन असतं, ती बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही परदेशी जाते. म्हणजे आपल्या शिवारात प्रोटीन पिकतं, कोंबड्या ते खातात, आणि आपण शहरात बसून डब्यातलं विकत आणतो.

कोंबडीवरून अंडं आठवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. एक बाई म्हणून, एक मास्तरीण म्हणून मला आनंद झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा पैसा बंद झाला, लोकवर्गणीतून द्यायचं तर द्या म्हणाले. मी स्वतः अंडं सत्तरीजवळ आल्यावर खायला लागले, आणि आमच्या घरात त्यावर पुष्कळ बोलणं झालं. ज्याला खायचं नाही त्याने खाऊ नये, त्यासाठी डाळ-दूध आहे. पण ज्या पोराच्या घरी ना डाळ परवडते ना दूध, त्याच्या ताटातलं सहा ग्रॅमचं एक अंडं काढून घेताना हात कसा चालतो, हे मला कळत नाही. एकीकडे आपण वजन कमी करायला धडपडतो आणि दुसरीकडे पोरांचं वजन भरत नाही. दोन्हीकडे ताटात कमी पडते ती एकच वस्तू.

हल्ली आणखी एक नवीन आलं आहे. वजन उतरवायची इंजेक्शनं. २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोव्ही आपल्याकडे आली. औषध चांगलं की वाईट ते डॉक्टर सांगतील, मला तो अधिकार नाही. पण ती घेतल्यावर भूक मरते, चार घासांत पोट भरतं. मग ते चार घास कशाचे, हा प्रश्न आणखीच मोठा होतो. घरातल्या कुणी सुरू केलं असेल तर एवढं पक्कं करा, पहिला घास डाळीचा, अंड्याचा किंवा पनीरचा. भात-पोळी नंतर.

आणि नुसतं खाऊन भागत नाही. प्रोटीन म्हणजे विटा. विटांचा ट्रक दारात रिकामा केला म्हणून भिंत उभी राहत नाही, गवंडीही लागतो. तो गवंडी म्हणजे स्नायूंना काम. चालणं चांगलंच, पण चालण्याने पायांची ताकद फारशी वाढत नाही. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीशी बांधा, आणि दहादा उठा-बसा. न जमल्यास आधी हात टेकून. पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या दोन हातांत घेऊन वर-खाली करा. शाळेत आम्ही उठाबशा शिक्षा म्हणून द्यायचो, म्हातारपणी त्या औषध म्हणून घ्यायच्या आल्या!

एक महत्त्वाचं. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी हे वाचून डाळ वाढवू नये. त्यांचा हिशेब वेगळा असतो, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. मधुमेह जुना असेल तर आधी तपासणी करून घ्या. मी बी.ए. झालेली मास्तरीण आहे, वैद्य नव्हे. बेरीज-गुणाकार तेवढा माझा.

वन्संचं म्हणाल तर नवीन ताटाला चार महिने झाले. वजन काट्यावर एक किलो वाढलं, त्यावरून ती जरा रुसली होती. पण आता खुर्चीतून हात न लावता सहादा उठते. जिन्याच्या वळणावर अजून थांबते, पण श्वास घ्यायला, भीतीने नाही. पुण्याचा विषय तूर्त मागे पडला आहे. पुढे काय होईल ते सांगता येत नाही, या वयात कुणालाच सांगता येत नाही.

कुकरचा प्रश्न मात्र सुटला. ती आणि खालच्या मजल्यावरच्या बाई, त्याही एकट्याच, आलटून पालटून वरण लावतात आणि डबा एकमेकींकडे पाठवतात. एकटीसाठी कुकर लावायला हात धजत नव्हता, शेजारणीसाठी बरोबर लागतो! बाईच्या जातीची ही खोड काही जाणार नाही, तर निदान तिचा उपयोग तरी करून घ्यावा.

तेव्हा लेकीसुनांनो, भाच्यांनो, पुढच्या वेळी आईला, मावशीला, आत्याला फोन कराल तेव्हा "जेवलीस का?" एवढंच विचारून ठेवू नका. ती "हो" म्हणणारच. "आज वरण लावलं होतं का? घट्ट होतं का?" असं विचारा. आणि बारीक झालेली दिसली, तर कौतुक करण्याआधी जमिनीवरून एकटी उठते का, तेवढं बघा.